पांढऱ्या पाठीचे उंदीर

१

मला उंदीर आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. सगळी नोकरी सरकारी विषपरीक्षेच्या प्रयोगशाळेत गेली. मेलेल्या माणसाच्या पोटात काय होतं ते बघताना माझा हात कधी थरथरला नाही, पण उंदरांच्या खोलीत जायची वेळ आली की मी कुणाला तरी पुढे करायची. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, चला, सुटले एकदाची. आणि मग बाईचा फोन आला.

"मावशी, आज येशील का? कुणाला काही सांगू नकोस."

तिला सगळे बाई म्हणतात, म्हणून इथे मीही तिला बाईच म्हणते. खरं तर ती माझ्या मैत्रिणीची मुलगी. मेंदू झिजवणाऱ्या आजारावर औषध शोधणारी एक प्रयोगशाळा तिनं उभी केली होती, आणि तिथेच मला बोलावलं होतं. मैत्रीण भर उमेदीत विसरायला लागली आणि शेवटी स्वतःच्या पोरांना पाहुणे समजून त्यांच्यासमोर पदर सावरून बसायची, ते मी शेजारच्या घरातून पाहिलं होतं. आता तोच आजार बाईच्या धाकट्या भावाला लागला होता. औषध माणसाला द्यायचं की नाही ते ठरवायला सोमवारी समिती बसणार होती. समितीनं परवानगी दिली, की औषध घेणारा पहिला माणूस तो असणार होता.

उंदरांच्या खोलीत लाल दिवा होता. उंदीर रात्री जागे असतात, म्हणून इथे दिवसाच त्यांची रात्र करतात. बाहेर चांगलं ऊन पडलेलं आणि आत आपलं तिन्हीसांजेसारखं. भिंतभर पिंजरे आणि त्यांतून न थांबणारी बारीक खसखस. या खोलीचा मालक म्हणजे पशुवैद्य, त्याला तिथे उंदीरमामा म्हणतात. त्यानं एक उंदीर तळहातावर घेतला आणि टेबलावरचा पांढरा दिवा लावला.

उंदीर काळा कुळकुळीत होता. पाठीवर नखाएवढी जागा कातरलेली होती आणि तिथे नवे केस उगवले होते. पांढरेशुभ्र.

"म्हातारा झालाय का?" मी विचारलं.

"ऐन तारुण्यात आहे," मामा म्हणाला. त्यानं दुसरा पिंजरा ओढला, मग तिसरा. लाल अंधारातून एकेक काळी पाठ दिव्याखाली यायची आणि तिच्यावर तोच पांढरा ठिपका असायचा. "नवं औषध पिणारे सगळे असे झालेत. नुसतं पाणी पिणारे काळेच आहेत."

बाई दारात उभी होती. आत यायला तयार नव्हती.

"काळ्या उंदराला पांढरे केस येतात हे मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, मावशी," ती म्हणाली.

मामानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता, पण पिंजऱ्याची कडी लावण्यात गुंतला. मला एवढंच कळलं, की या खोलीत बाईला भीती वाटते आहे, आणि ती उंदरांची नाही.

२

औषधाचा रेणू ज्यानं संगणकावर आखला, त्याला प्रयोगशाळेत खिसेकापू म्हणतात. पोरगा हुशार, बोलायला लागला की थांबत नाही, आणि त्याच्या टेबलावर दुसऱ्या कंपनीच्या नोकरीचा कागद उघडाच पडलेला होता.

"खिसेकापू का म्हणतात रे तुला?"

"दिवसभर खिशातच हात असतो माझा," त्यानं पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे एक रंगीबेरंगी गोळा फिरत होता आणि त्याच्या मध्यावर खोल खाच होती. "हे एन्झाइम. म्हणजे शरीरातली कात्री समजा. हिला आम्ही थोरली म्हणतो. ही मेंदूत एक लांबलचक प्रथिन कापते. कापलेले तुकडे साठतात, कचरा होतो, आणि माणूस विसरायला लागतो. ही खाच म्हणजे तिचा खिसा. खिशात आपला रेणू जाऊन बसला की कात्री बंद."

"मग अडचण काय?"

"अडचण म्हणजे हिची बहीण." त्यानं दुसरा गोळा आणला. मला तरी दोन्ही सारखेच दिसले. "ही धाकटी. ही कातडीत असते, केसाला रंग चढायला ती लागते. हिचा खिसा जवळजवळ तसाच. आमचं जुनं औषध दोघींच्या खिशात बसायचं. मागच्या वर्षी त्या औषधानं सगळे उंदीर पांढरे पडले. धाकटी बंद पडली, तर माणसात आणखी काय काय बंद पडेल कोण जाणे. झालं, औषध बाद. तेव्हापासून मामा प्रत्येक उंदराची पाठ कातरून ठेवतो. नवे केस कसे येतात ते बघायचं."

"आणि नवं औषध?"

इथे त्याचा चेहरा उजळला. "थोरलीच्या खिशात तळाशी एक कोनाडा आहे, इवलासा. धाकटीला तो नाही. आम्ही रेणूला त्या कोनाड्यात बसेल एवढीच शेपटी लावली. शेपटीमुळे तो धाकटीच्या खिशात शिरतच नाही. शिरणं शक्यच नाही, मावशी. माझी नोकरी गेली तरी चालेल, पण हे शक्य नाही."

"नोकरी तर तू सोडतोच आहेस."

तो लाजला. "कागद आलाय. सही केलेली नाही."

म्हणजे दोनच गोष्टी उरत होत्या. एक तर खिसेकापूचं गणित चुकलं होतं आणि बाईच्या भावाचं औषध हे औषधच नव्हतं. नाहीतर उंदीर पीत होते ते नवं औषध नव्हतं.

"जुनं औषध अजून आहे का इथे?"

"चुना? आहे की. थंड खोलीत, मागच्या फळीवर. आम्ही सगळे त्याला चुनाच म्हणतो. टाकून द्यायला कुणाचा हात होत नाही."

जाता जाता मी बाईच्या खोलीत डोकावले. "काय गं, तो चुना कुणाकुणाला काढता येतो?"

"कसला चुना?" बाईनं विचारलं.

हाताखालची माणसं साहेबाच्या पाठीमागे काय काय नावं ठेवतात ते मला ठाऊक आहे. पोराला बोलणी बसायला नकोत म्हणून मी विषय बदलला. नव्या-जुन्या दोन्ही औषधांच्या बाटल्यांतली चिमूटभर पूड घेतली आणि माझ्या जुन्या प्रयोगशाळेत, माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीकडे पाठवून दिली. इथल्या कुणावर विसंबायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "दोन्ही पुड्या एकच आहेत, मॅडम. शेपटी कशातच नाही."

३

म्हणजे नव्या औषधाच्या बाटलीत जुनं औषध होतं. रेणू निर्दोष होता. मला बरं वाटलं. पण मग नवं औषध गेलं कुठे?

थंड खोलीची किल्ली चौघांकडे असायची. बाई, खिसेकापू, उंदीरमामा आणि गाळणी. गाळणी म्हणजे तिथली रसायनतज्ज्ञ. दोन्ही औषधं तिच्याच हातची. बारीक अंगाची, मान ताठ, आणि तिच्या हाताखालून गेलेल्या पदार्थात कस्पट सापडायचं नाही म्हणून हे नाव. थंड खोलीत तिच्याबरोबर उभी राहिले तेव्हा तोंडाची वाफ दिसत होती आणि मागे यंत्राची घरघर चालू होती. मधेच घरघर थांबायची, आणि थांबली की दोघीही नकळत दाराकडे बघायचो.

"पाठी दिसल्या तेव्हाच मी बाटली तपासते म्हटलं," गाळणी म्हणाली. "एका दुपारचं काम. बाई म्हणाल्या, नको, मावशी येऊ दे. माझ्यावर विश्वास नसेल तर सरळ सांगायचं."

"बाटलीतलं कमी झालेलं तुला कळलं कसं नाही?"

"दर आठवड्याला मी तोलते. वजन बरोबर होतं. झाकणाची पट्टीसुद्धा नीट ताणून बसवलेली. मी बसवते तशी." तिनं झाकणावरून बोट फिरवलं. "हे आपल्यातल्याच कुणाचं तरी काम आहे."

"नुसती साखर का नाही भरली?"

"साखर भरली असती तर मेंदूतला कचरा वाढला असता. तेही दर आठवड्याला मोजतो आम्ही. जुन्या औषधानं थोरली बंदच राहते, त्यामुळे मेंदूचे आकडे हलले नाहीत. ज्यानं केलं त्यानं फार विचार करून केलंय."

मामाला विचारलं तर त्यानं आधी उंदरांचीच तक्रार मांडली, बिचाऱ्यांना उगाच वर्षभर त्रास. मग आवाज खाली आणला. "मी कुणाचं नाव घेत नाही. पण गाळणी दुपारी अधूनमधून बाईंच्या घरी जाते. हातात डबा असतो. बाई इथे कामात असतात तेव्हा."

"घरी कोण असतं त्या वेळी?"

"कोण असणार? धाकटा," मामा म्हणाला.

४

बाईचं घर चौथ्या मजल्यावर. आत पाऊल टाकलं आणि मला तिची आई आठवली. कपाटांवर, डब्यांवर, दारांवर चिठ्ठ्या. 'इथे साखर.' 'गॅस बंद कर.' 'हे संडासाचं दार.' धाकट्यासाठी लावल्या असणार, अक्षर बाईचं होतं. धाकटा खिडकीशी बसला होता. केस काळेभोर, दाढी केलेली, सदरा नीट खोचलेला. लांबून कुणी त्याला आजारी म्हणणार नाही.

"मावशी," तो म्हणाला, आणि मला ओळखलं म्हणून स्वतःवरच खूश झाला. "आईला भेटायला आलीस?"

"तुलाच भेटायला आले."

बराच वेळ तो चांगलं बोलत होता. मधेच शब्द हरवायचा, मग हातानं हवेत चाचपायचा. औषध देतं का कुणी तुला, असं विचारलं तर नाही म्हणाला. मग त्यानं दाराकडे पाहिलं आणि माझ्याकडे झुकला.

"घरात एक बाई येते."

"बारीक अंगाची? डबा घेऊन?"

"ती नाही. ती तर आपली आहे, पेपर वाचून दाखवते." त्याला गाळणीचं नाव आठवेना, पण चेहरा मऊ झाला. "ही दुसरी. दुपारीच येते. किल्लीनं दार उघडते. स्वयंपाकघरात जाते आणि भांड्यात काहीतरी ढवळते. मग इथे येऊन बसते."

"काय बोलते?"

"आई कुठे आहे, असं विचारते." त्यानं माझा हात घट्ट धरला. "मी म्हणतो आई बाहेर गेलीय. खरं सांगितलं तर ती रडते. एकदा सांगून बघितलं मी. आई गेली हे तिला माहीतच नव्हतं."

भर दुपार होती, आम्ही उन्हाच्या चौकोनात बसलो होतो.

"दिसते कशी?"

"ताईसारखी," धाकटा म्हणाला. "हुबेहूब ताईसारखी. साडीसुद्धा ताईचीच नेसते. पण ती ताई नाही, मावशी. ताईला सगळं माहीत असतं."

बाईला हे संध्याकाळी सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटले. "मलाही सांगतो तो. भास होतात त्याला. आजार पुढे चाललाय." आणि मग हळूच, "सोमवार हातचा गेला तर तो राहत नाही, मावशी. आत्ता औषध मिळालं तर आहे तो टिकेल. आणखी वर्षभरानं दिलं तर टिकवायला काही उरलेलं नसेल."

५

मी गाळणीला गाठलं. संशय तिच्यावरच होता, आणि आजारी माणसाच्या शब्दावर मी काय विसंबणार?

"तू त्याला ते औषध देतेस का?" मी सरळ विचारलं.

तिनं हातातली काचेची नळी खाली ठेवली. "आमचं लग्न ठरलं होतं. त्याला हे झाल्यावर त्यानंच मोडलं. मी डब्यात फळं कापून नेते आणि पेपर वाचून दाखवते. एवढंच. रोज वाटायचं की चोरावं थोडं आणि द्यावं. पण चोरून दिलं असतं तर समितीनं त्याचं नाव कायमचं काढलं असतं. त्याचं रक्त तपासा. मी नाही तपासत, तुमच्या माणसाकडे पाठवा."

पाठवलं. रक्त स्वच्छ आलं. धाकट्यानं त्यातला कणही घेतला नव्हता.

मग घेत कोण होतं? मी थंड खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिले. खिसेकापूला रेणू चोरायचं कारण नव्हतं, तो त्याच्या डोक्यात होता. घातपात करायचा तर त्या चौघांतला कुणीही असो, पाठी पांढऱ्या दिसताच पहिली तपासणी बाटलीची होणार आणि रेणू निर्दोष सुटणार, हे त्याला कळलंच असतं. नाही, हा घातपात नव्हता. कुणीतरी औषध घेत होतं आणि ते लपवायला मोठी हुशारी दाखवली होती. पण त्या हुशारीत एक भलं मोठं भोक होतं. जुन्या औषधानं पाठी पांढऱ्या होतात हे इथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. मग जुनंच औषध भरायला कोण धजेल?

गाळणी माझ्या शेजारी येऊन बसली होती. माझ्या डोक्यात काहीतरी वळवळलं.

"त्याला चुना हे नाव कुणी ठेवलं गं?"

ती पहिल्यांदाच हसली. "बाईंनीच. मागच्या वर्षी उंदीर पांढरे झाले त्या दिवशी. सगळे रडवेले झालो होतो. बाई पिंजऱ्यासमोर फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, आपल्या औषधानं आपल्यालाच चुना लावला. मग रडता रडता सगळे हसलो."

मी बाकावरून उठले आणि बाईच्या खोलीकडे निघाले.

६

बाईच्या खोलीचं दार मी आतून लावलं. ती सोमवारचं भाषण वाचत होती.

"चोर सापडला?"

"विचार तूच कर. तुझं डोकं माझ्यापेक्षा चांगलं," मी म्हणाले. "चोराला ठाऊक होतं की बाटली तोलतात, म्हणून वजन जमवलं. मेंदूचे आकडे बघतात हेही ठाऊक होतं, म्हणून जुनं औषध भरलं. बरोबर?"

"बरोबर. हुशार आहे."

"मग पाठी पांढऱ्या होतील हे त्याला का सुचलं नाही? मागच्या वर्षी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं."

"मागच्या वर्षी," बाई सावकाश म्हणाली. ती खिडकीकडे बघायला लागली. पण तिचं डोकं थांबणारं नव्हतं. कोडं समोर आलं की ते सोडवायचं, हीच तिची जन्माची सवय. "मग त्याला मागचं वर्ष आठवत नसणार. जुन्या औषधावर आमची आशा होती, तो काळ आठवतो. त्यानंतरचं गेलं. आजाराची सुरुवात अशीच होते, मावशी. जवळचं जातं आणि लांबचं राहतं. हातांची कामं तर शेवटपर्यंत राहतात. तोलणं, बाटलीची पट्टी बसवणं. आईला आमची नावं येत नव्हती तेव्हाही ती वेणी सुंदर घालायची." ती माझ्याकडे वळली. "तो माणूस आजारी आहे. त्याला कुणीतरी सांगायला हवं. कोण आहे?"

मी एवढंच विचारलं, "चुना हे नाव कुणी ठेवलं, आठवतंय?"

"कसला..." ती म्हणाली आणि थांबली.

मी पुष्कळ माणसांना वाईट बातम्या दिल्या आहेत. पण समोरचं माणूस स्वतःच्या बुद्धीनं, एकेक पायरी उतरत, स्वतःपर्यंत पोचताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची ताकद माझ्यात नाही. ती रडली नाही. उजव्या हातानं डावा दंड मोकळा केला.

"रक्त काढ."

गाळणीनं तपासलं. तिघी पडद्यासमोर उभ्या होतो. सपाट रेघ सरकत गेली, आणि मग एक टोकदार शिखर वर आलं. गाळणीनं तोंडावर हात घेतला. बाई पुढे वाकून बघत राहिली.

"शेपटी शाबूत आहे," ती म्हणाली. त्या आवाजात अभिमान होता, खोटं का सांगू. "माणसाच्या रक्तात टिकतंय." मग सरळ उभी राहत, "म्हणजे दुपारी घरी येते ती मीच. तो मला आई बाहेर गेलीय म्हणून सांगतो. माझं मन राखतो तो."

घरी तिच्या आईच्या कपाटात, शालींच्या घडीत पुडी सापडली. कधी ठेवली ते तिला सांगता येईना.

७

"मला चोर म्हण," बाई म्हणाली. "आजारी म्हणू नकोस."

"का?" मी विचारलं.

"आजारी म्हटलंस तर माझ्या सहीचा प्रत्येक कागद खोटा धरतील. सगळं पहिल्यापासून करा म्हणतील. वर्ष जाईल. धाकट्याकडे वर्ष नाही. चोराचं तसं नसतं. चोराची मोजमापं खरी असू शकतात. मला नोकरीतून काढतील, तोंडाला काळं फासतील आणि औषध पुढे जाईल. शुद्धीत, जाणूनबुजून चोरलं असं मी स्वतः सांगते. तू फक्त गप्प बस."

मी जन्मभर अहवालात एक अक्षर खोटं लिहिलं नाही. म्हणून मी एक अट घातली. पुढचे दिवस मी आणि गाळणीनं राखून ठेवलेला प्रत्येक नमुना पुन्हा मोजला. बाईचे आकडे एकूण एक जुळले. बाटली बदलण्याआधी तपासून झालेल्या उंदरांची कातडी मामानं जपून ठेवली होती, ती त्यानं दिव्याखाली धरून दाखवली; पाठी काळ्याच होत्या. एखादाही आकडा चुकला असता तर मी गप्प बसले नसते. एकही चुकला नाही.

सोमवारी बाई समितीसमोर उभी राहिली. खणखणीत आवाजात तिनं सांगितलं, की आईचा आजार आपल्यालाही होईल या भीतीनं मी औषध चोरलं आणि बाटलीत जुनं भरलं. कधी, कसं, किती, सगळं सांगितलं. हे सगळं आम्ही पाठ करून घेतलं होतं, सकाळी पुन्हा एकदा म्हणूनही घेतलं होतं. मागच्या रांगेत खिसेकापू मान खाली घालून बसला होता.

अध्यक्ष म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी चष्मा काढला.

"एक कळत नाही. जुन्या औषधानं पाठी पांढऱ्या होतात हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? मग लपवायला नेमकं तेच का निवडलंत?"

हे आम्ही पाठ केलं नव्हतं. ज्या भोकातून मी तिच्यापर्यंत पोचले होते, त्यावरच म्हाताऱ्यानं बोट ठेवलं होतं, आणि उत्तर द्यायला तिच्याकडे मागचं वर्षच नव्हतं. गाळणीची बोटं माझ्या मनगटात रुतली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. बाईचा चेहरा कोरा होत चालला आहे असं मला वाटलं.

"मी पकडली जावी म्हणून," ती म्हणाली. "तोंडानं सांगायचं धाडस होत नव्हतं. उंदरांकरवी सांगितलं."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि चष्मा पुन्हा चढवला. बाईला त्याच दिवशी काढून टाकलं. औषधाला परवानगी मिळाली, काम गाळणीकडे गेलं.

ते उत्तर तिनं ऐनवेळी रचलं, की खरोखरच तिच्यातल्या कुणीतरी, अजून शुद्धीत असलेल्या कुणीतरी, मुद्दाम ती बाटली उचलली होती, ते मला ठाऊक नाही. बाहेर पडताना मी विचारलं. "मी काय उत्तर दिलं?" असं तिनं मलाच विचारलं.

धाकट्याला पहिली मात्रा दिली त्या दिवशी तिला आवारात यायची मनाई होती. आम्ही दोघी फाटकाबाहेर उभ्या राहिलो. ऊन चढलं होतं, समोरच्या रस्त्यावर गाड्या येत-जात होत्या. आतून गाळणी आली, दुरूनच हात वर करून हसली.

"त्याला मिळालं गं," मी बाईला म्हणाले.

तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. लहानपणी पहिला नंबर आला की ती अशीच रडायची. जरा वेळानं तिनं डोळे पुसले, फाटकाकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "मावशी, त्याला मिळालं का?"

"मिळालं," मी म्हणाले. तिला पुन्हा तेवढाच आनंद झाला. आम्ही संध्याकाळपर्यंत तिथे उभ्या होतो, आणि तिनं जितक्यांदा विचारलं तितक्यांदा मी सांगितलं.